माझ्या मामाला बेवारस म्हणालात

आबा,

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. बोललात ते मात्र भांडी घासताना, वाटेनं चालतानासुद्धा ऐकू येतं. मी आता ऐंशीच्या पुढची बाई आहे, घरात पतवंडं खेळतात. या वयात माणसं माफ करून मोकळी होतात म्हणे. परवा धाकटी सूनही म्हणाली, "आई, सोडा आता. जो माणूसच ऱ्हायला नाय त्याच्यावर कसला राग?" पण राहिला नाही म्हणूनच तर, आबा. होतात तेव्हा तुमचं बोलणं मध्येच तोडायची कुणाची छाती नव्हती. आता तुम्हाला उत्तर देता येत नाही. मला हेच हवं होतं. तेव्हा गुमान ऐका.

महाडाहून पोलादपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आपली चौकी होती आणि चौकीच्या मागे आपलं घर. इंग्रजांचा अंमल, तुम्ही जमादार. अंगात वर्दी चढली की तुमची भाषाही बदलायची. चुलीपुढे बसून "मीठ नाय गो यात" म्हणणारा माणूस ओटा उतरला की "नाही", "आहे", "चौकशी करण्यात येईल" असं बोलायला लागायचा. लहानपणी मला ते फार आवडायचं. वाटायचं, आपल्या आबांना दोन जिभा आहेत. आईलाही तुमचा अभिमान होता, ते मी नाकारत नाही. शिवथरच्या खोऱ्यातल्या डोंगरवाडीवरची ती पोर, नाचणी आणि वरी पिकवणाऱ्या घरातली. माहेरी गेली की बायका तिला "जमादारीण आली" म्हणून पाट मांडून बसवायच्या. मला शाळेत तुम्हीच घातलंत. मुलगी असून चौथीपर्यंत शिकवलंत. ते शिक्षण आज तुमच्यावरच खर्च करते आहे.

मामा आला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. आईचा पाठचा भाऊ. मुंबईला गिरणीत साच्यांवर, कापड विणायच्या यंत्रांवर, होता. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात अडली तेव्हा चाळीतलं कुणीतरी धावत गिरणीत आलं होतं. साचेखात्याच्या दारात उभं राहून त्या माणसानं मामाला हाका मारल्या, पण तिथल्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, दारातली हाक कुठून येणार? पाळी सुटल्यावर मामा घरी गेला तोवर मामीच्या कपाळावर मळवट भरून झाला होता. बाळही गेलं. त्या दिवसापासून मामाच्या कानातले साचे थांबलेच नाहीत. आणि त्या आवाजाच्या खाली कुठंतरी मामी हाका मारते आहे, असं त्याला वाटायचं. गिरणी सुटली, चाळ सुटली. वाडीवर घरातलं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो बहिणीकडे आला.

आठवतं ना, आपल्याकडे कसा राहायचा? सकाळी चौकीचं अंगण झाडायचा, पाणी भरायचा, दुपारी पडवीत बसून वाखाचा दोर वळायचा. तुम्हीही त्याला विडी द्यायचात, "काय रे, काय म्हणते मुंबय?" असं विचारायचात. वाईट वागला नाहीत त्याच्याशी. म्हणून तर राग जास्त येतो. आई मागच्या दारी भात सडायला बसली आणि मुसळाचा आवाज लांबला, की मामा पडवीतून उठून यायचा. दोन्ही कान तळहातांनी दाबलेले, घामानं न्हालेला.

"बंद कर गो बाये, बंद कर. ती बोलतेय."

आई मुसळ आहे तिथं सोडून द्यायची. हात पदराला पुसायची. "हं, केलं बंद. आता ऐक. काय म्हनतेय?"

मामा मान वाकडी करून उभा राहायचा. आम्ही दोघी श्वास धरून. झाडावरचा कावळासुद्धा त्या वेळी ओरडला तर मला त्याचा राग यायचा. मग हळूहळू मामाचे खांदे खाली यायचे.

"नाय. गप झाली."

"मग बस. पेज पी."

आणि तो बसायचा, आबा. पेज प्यायचा. वाडगा स्वतः विसळून ठेवायचा. हे तुम्ही एकदा नाही, कितीदा तरी पाहिलंत. उंबऱ्यात उभं राहून पाहिलंत. एकदा तर आई घरात नव्हती तेव्हा तुम्ही स्वतः मला म्हणालात, "पोरी, जातं थांबव, तुझ्या मामाला तरास होतोय." तुम्हाला ठाऊक नव्हतं असं तुम्हाला यमाच्या दारातही म्हणता येणार नाही.

मग त्या हिवाळ्यात बाजारपेठेत भात भरडायचं इंजिन आलं. एका शेटजींनी आणलेलं. आजूबाजूच्या खोऱ्यांतले लोक डोक्यावर भाताच्या पाट्या घेऊन ते बघायलाच यायचे. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्याचा ठोका चालायचा, आपल्या ओट्यावरची भांडी त्या ठोक्याला किणकिणायची. मामानं जेवण सोडलं. आईनं त्याच्या कानात कापूस घातला, डोक्याला पंचा गुंडाळला, मागल्या खोलीत नेऊन बसवलं. काही उपयोग नाही. आणि एका सकाळी अंगणात उन्हं आली तर मामा घरात नाही.

आई धावली, तिच्यामागे मी. त्या पत्र्याच्या छपराखाली जाऊन पाहतो तर मामा इंजिनाच्या पुढ्यात उभा. हातात कुदळीचा दांडा. कुणाला जवळ येऊ देत नव्हता, पण मारत कुणालाच नव्हता. रडत होता. "बंद करा रे! आत बाय मरतेय! हाक मारतेय ती, ऐका की रे!" पाट्या घेऊन आलेले लोक लांब उभे. काही हसत होते. तुम्ही शिपाई घेऊन आधीच पोचला होतात. आणि शेटजींच्या गादीवर, पान चघळत, महाडाहून तपासणीला आलेले फौजदारसाहेब बसलेले. नवीनच बदलून आले होते.

आई सगळ्यांच्या मधून तुमच्यापाशी गेली. डोक्यावरचा पदर कधी घसरला तिला कळलं नाही. "अवो, घडीभर बंद करायला सांगा ते. तो आपल्या पायानं भायेर येईल. तुमाला ठाव हाय."

इंजिनवाल्याचा हात दांडीवर गेलेलाच होता. तो तुमच्याकडे बघत होता. शेटजीसुद्धा म्हणाले, "करा बंद, पट्ट्यात सापडून मेला तर नसती भानगड." एका शब्दाचं काम होतं.

फौजदारांनी विचारलं, "जमादार, ही बाई कोण?"

तुम्ही आईकडे पाहिलंत. मी आईच्या मागेच होते, मलाही पाहिलंत. आणि वर्दीतल्या जिभेनं म्हणालात, "कोणी नाही साहेब. बाजारातली असेल."

मग इंजिनवाल्याकडे वळून म्हणालात, "चालू ठेवा."

पुढचं मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, पण तुम्हाला सांगते, कारण करणारे तुम्हीच. पहिली काठी मनगटावर बसली, मामाच्या हातातला दांडा पडला. तिथं थांबता आलं असतं. रिकाम्या हाताचा, उपाशी माणूस, पळूनसुद्धा जात नव्हता. दुसरी काठी त्याच्या डाव्या कानावर बसली. ती कशासाठी होती, आबा? फौजदारांना दाखवायला? तो खाली पडला तरी तुमचा हात वर होता. आपला म्हातारा शिपाई मध्ये आला म्हणून थांबलात. "जमादार, बास. पडलाय तो." भर बाजारातून मामाचे हात मागे बांधून त्याला महाडच्या रस्त्याला लावलंत. कानातून आलेलं रक्त मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. आई मागून चालत राहिली. नदीच्या वळणापाशी शिपायांनी तिला थांबवलं. पुरात ओढ्यापलीकडे अडकलेल्या गुरासारखी ती तिथंच उभी राहिली, आणि मागे इंजिनाचा ठोका चालूच होता.

पुढे काय झालं ते म्हाताऱ्या शिपायानंच येऊन सांगितलं. तुम्ही चौकीत असताना तो मागल्या दारानं आला, खाली मान घालून म्हणाला, "वैनी, कचेरीत मामलेदारांनी इचारलं, याचं कोन हाय म्हनून. जमादार बोलले, कोन नाय, बेवारस भटका हाय. दासगावच्या बंदरातून लाँचीनं खाली पाठवला त्याला, येड्यांच्या इस्पितळात."

तुम्ही जेवायला बसलात तेव्हा आईनं ताट पुढं ठेवलं आणि उभ्यानंच विचारलं. तुम्ही आधी म्हणालात, "बायकांनी त्यात पडू नये." मग आवाज खाली आणून घरातल्या जिभेनं बोललात. "आगो, जमादाराचा मेवना येडा असं सरकारात झालं तर माझी काय किंमत ऱ्हाईल? आणि ही पोर बघ. हिचं लगीन कोन करील? मामा येडा म्हटल्यावर दारात कोन येईल? मी केलं ते हिच्यासाठी केलं."

हिच्यासाठी! भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडे बोट करून म्हणालात. काठी मारलीत तुम्ही, सख्ख्या मेव्हण्याला बेवारस केलंत तुम्ही, बायकोला बाजारातली केलंत तुम्ही, आणि ते सगळं माझ्या पदरात टाकून हात धुतलेत. पुढच्या बाजाराला माझ्यासाठी चांदीचे पैंजण आणलेत. घुंगरांचे. मी चालावं आणि ते वाजावेत म्हणून. ते मी तुमच्या टोपीत नेऊन ठेवले. कळलं होतं तुम्हाला.

आईनं भांडण केलं नाही. ती तुमच्याशी बोलायचीच बंद झाली. जेवण वेळेवर, वर्दी धुतलेली, पाणी तापवलेलं, फक्त शब्द नाही. "तुमच्या आबांना सांग, जेवण झालंय" एवढंही नाही. तुम्हाला वाटलं, बाईचा राग आहे, उतरेल. ती वाट बघत होती. म्हाताऱ्या शिपायानं तिला सांगून ठेवलं होतं की सख्ख्या बहिणीनं मामलेदारांपुढं उभं राहून हमी दिली तर माणूस परत मिळतो. ती वाट बघत होती ती फौजदार आणि तुम्ही दोघेही कचेरीत असाल त्या दिवसाची. होळी होऊन गेली होती. सकाळीच तिनं मला वेणी घातली, नऊवारी नेसली, कपाळभर कुंकू लावलं आणि म्हणाली, "चल. लाजू नको, आणि रडू नको."

महाडची कचेरी त्या दिवशी माणसांनी भरली होती. तुम्ही दाराशी उभे होतात, आम्हाला पाहून तुमचा चेहरा कसा झाला ते मी आजही मनात आणून बघते. अजून समाधान होतं. आई थेट मामलेदारांसमोर गेली. "रावसाहेब, येड्याच्या इस्पितळात पाठवलेला तो माझा सख्खा भाव हाय. तो बेवारस नाय. मी त्याची वारस. मला माझा भाव परत द्या."

मामलेदारांना आधी काही उमगेना. तुम्ही पुढे झालात. किती गोड, किती शुद्ध बोललात! "साहेब, या बाईचं डोकं ठिकाणावर नाही. तिच्या माहेरात ते आहेच."

मामलेदारांनी चष्म्यावरून तुमच्याकडे पाहिलं. "माहेरात? म्हणजे बाई कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे तर."

कचेरीत कुणीतरी खोकलं. तुमच्या दोन्ही जिभा त्या दिवशी टाळ्याला चिकटल्या. मामलेदारांनी मला पुढे बोलावलं. "मुली, तू कोणाची?"

"जमादारांची."

फौजदारांनी झटकन मान वळवली.

"आणि ही बाई?"

"माझी आई. जमादारांची बायको."

"ज्याला इस्पितळात पाठवलं तो कोण?"

"माझा मामा. आमच्या घरात राहायचा. आबा त्याला विडी द्यायचे."

मी तुमच्याकडे बघतच होते. तुम्ही मानेनं "नको" म्हणत होतात, अगदी बारीक, फक्त मला दिसेल इतकं. मग मी बाकीचंही सांगितलं. इंजिनाचं, दुसऱ्या काठीचं, "बाजारातली असेल" ते. कुणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. शाळेत कविता म्हणावी तशी, खणखणीत आवाजात. आबा, आयुष्यात मला पुढे पुष्कळ सुख मिळालं, नवरा चांगला मिळाला, मुलं मार्गाला लागली. पण त्या दिवशी एकेका वाक्याला तुमची मान खाली जात होती, त्या सुखाची सर दुसऱ्या कशाला आली नाही.

तुमची फीत गेली. ज्या फौजदारांना खूष करायला काठी उचललीत, तेच सगळ्यांत आधी तुमच्यापासून लांब सरकले. शिपाई म्हणून घाटावर कुठंतरी बदली झाली. आई तुमच्याबरोबर आली नाही. आम्ही दोघी त्याच आठवड्यात वाडीवर गेलो, आजोळचं पडकं घर शाकारलं, आणि पाऊस लागून लाँची बंद व्हायच्या आत आई स्वतः जाऊन मामाला घेऊन आली. दासगावच्या बंदरावर तो उतरला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. डोकं भादरलेलं, अंगावर नुसती हाडं. डाव्या कानानं त्याला ठार ऐकू येत नव्हतं. घरी आल्यावर आईनं विचारलं, "साचे वाजतात का रे अजून?" तर हसून म्हणाला, "वाजतात गो. पन आता एकाच कानात." तुमच्या काठीचं एवढं पुण्य तुमच्या नावावर जमा आहे. यमानं विचारलं असेल तर सांगितलंही असेल तुम्ही.

आणि माझं लग्न! ज्याच्यासाठी तुम्ही हे सगळं केलंत ते. तुडीलच्या एका शेतकऱ्यानं आपल्या मुलासाठी मला मागितलं. आईनं आधीच सांगून टाकलं की मुलीचा मामा असा असा आहे. माझे सासरे, ज्यांना सही करता येत नव्हती, म्हणाले, "आमच्या भावकीत तर शाणे म्हनवनारे हायेत, त्यांचा ताप जास्त. मामाचं राहू द्या. पोर भातलावणीला कशी हाय ते सांगा." बस्स, इतकंच. इतक्याशा प्रश्नासाठी तुम्ही एका माणसाचा कान फोडलात.

तुम्ही लग्नाला आलात. आईनं बोलावलं नव्हतं, भावकीतल्या कुणी कळवलं असावं. मांडवाच्या कडेला साधी टोपी घालून उभे होतात. कन्यादानाला आईचा चुलतभाऊ आणि त्याची बायको बसली. तुमची जागा भरली गेली होती आणि मला ते फार आवडलं. भटजींनी "मामा, मुलीला आणा" म्हटलं, वाजंत्री जोरात सुरू झाली, आणि मामानं माझा हात घट्ट आवळला. सासऱ्यांनी लांबूनच ओळखलं, हात वर केला. "वाजप थांबवा रे. मामाला तरास होतोय." लगेच सगळं थांबलं. कुणी हसलं नाही. भर मांडवात इतकी शांतता झाली की मामाच्या पावलांखालचा पेंढा ऐकू येत होता. मामानं मला बोहल्यापर्यंत नेलं, आणि मी मान वर करून तुमच्याकडे बघत चालले. नवरीनं मान खाली घालायची असते. मी घातली नाही.

एकच गोष्ट माझ्या मनासारखी झाली नाही. अक्षता पडल्यावर मामा तुमच्याकडे गेला आणि म्हणाला, "भावजी, लांब का उभे? जेवून जावा. पोर तुमची हाय." त्या वेळी मला मामाचा राग आला, जन्मात एकदाच. त्याला माफ करायचं असेल तर त्यानं करावं, कान त्याचा होता. पण आईला बाजारातली म्हटलेलं त्याच्या माफीत बसत नाही, आणि माझं नाव पुढं केलंत तेही नाही. तुम्ही जेवला नाहीत. पाठ फिरवून उतार उतरलात. पुन्हा दिसला नाहीत.

तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आवणात होते, गुडघाभर चिखलात. दीर बांधावर उभे राहून म्हणाले, "वैनी, घाटावरून माणूस आलाय. तुमचे आबा गेले." मी हातातली रोपं लावून संपवली, मग वर आले. अंघोळ केली, कारण करायची असते. रडले नाही. आईला सांगायला वाडीवर गेले तर ती मामाच्या डोक्याला तेल लावत होती. तिनं हात थांबवला, ऐकलं, आणि पुन्हा तेल लावायला लागली.

हे मी कुठं पाठवणार नाही. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. वाचून तुम्हाला वाटलं असतं की पोरीनं आपल्याला अजून काहीतरी लिहिलं, आणि तेवढंसुद्धा सुख मी तुम्हाला द्यायला तयार नाही. सर्वपित्रीला मी मागल्या अंगणात पानं मांडते, आईचं आणि मामाचं. तुमचं मांडत नाही. तुम्हाला मुलगा नाही, तुमचं पान मांडणारं दुसरं कुणी नाही, हे पक्कं ठाऊक असून मांडत नाही.

मात्र मामाच्या पानावर दर वर्षी न चुकता वालाचं बिरडं वाढते, वाल स्वतः निवडून, नारळ सढळ हातानं घालून. सून विचारते, "मामांना लय आवडायचं का हो?" मी हो म्हणते. मामा वालाला हात लावत नसे, आबा. बिरडं तुम्हाला आवडायचं.